मुंबई ते कराची किती लांब? जेआरडी टाटांच्या आयुष्यातून समजून घेऊया अंतर आणि उड्डाणाची वेळ

दोन शहरांमधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ शोधणं आता अगदीच सोपं झालंय. फोन काढायचा, दोन नावं टाकायची, झालं. मुंबई-गोवा टाकलं की साधारण सव्वा तास दिसतो, मुंबई-दिल्ली टाकलं की सव्वादोन तासांच्या आसपास.

आता एकदा मुंबई आणि कराची टाकून बघा. सरळ रेघेत अंतर येतं साधारण ८८० किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षाही कमी. पण थेट प्रवासी विमान एकही सापडणार नाही. जे पर्याय येतात ते दुबई किंवा आखातातल्या दुसऱ्या एखाद्या शहरात उतरून, तिथं काही तास थांबून, पुढचं विमान पकडून. दुबईमार्गे मोजलं तर प्रवास होतो साधारण ३,१०० किलोमीटरचा. निव्वळ उड्डाणाचे पाच तास आणि मधला थांबा, असं सगळं धरलं तर सात-आठ तास सहज जातात.

गंमत म्हणजे १९३२ साली एक माणूस एका छोट्याशा, एका इंजिनाच्या विमानातून कराचीहून सकाळी निघाला आणि दुपारी मुंबईत जुहूला उतरला. मध्ये अहमदाबादला थांबून बैलगाडीतून आलेलं पेट्रोलसुद्धा भरून घेतलं. म्हणजे वेळेचा हिशेब केला तर जवळपास बरोबरी! ९० वर्षांत विमानांचा वेग पाचपट वाढला, आणि तरीही या दोन शहरांमधला प्रवास काही लवकर संपत नाही.

असं का होतं? दोन शहरांमधला उड्डाणाचा वेळ नक्की कशानं ठरतो? हे समजून घ्यायला मी नुसती सूत्रं सांगू शकलो असतो. पण मला वाटतं, त्या वैमानिकाचं आयुष्यच सांगितलं तर ते जास्त चांगलं कळेल. त्यांचं नाव जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा. आपण सगळे त्यांना जेआरडी म्हणून ओळखतो.

पॅरिस, मुंबई आणि आगबोट

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. वडील रतनजी दादाभॉय टाटा पारशी, व्यापारानिमित्त सतत फिरतीवर. आई सुझान ब्रिएर फ्रेंच, लग्नानंतर त्यांचं नाव सूनी झालं. पाच भावंडांमधले जेआरडी दुसरे. त्यांचं बालपण एका गावात गेलंच नाही. कधी पॅरिस, कधी मुंबई, कधी जपानमधलं योकोहामा. तेव्हा हे प्रवास आगबोटीनं व्हायचे आणि त्यात कित्येक आठवडे जायचे. वडील एका खंडात आणि मुलं दुसऱ्या खंडात, असं अनेकदा घडायचं. अंतर म्हणजे काय, हे या मुलाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

सुट्टीत हे कुटुंब उत्तर फ्रान्समधल्या आर्दलो या समुद्रकिनाऱ्यावरच्या गावी जायचं. तिथं शेजारी कोण होतं माहितेय? लुई ब्लेरियो! २५ जुलै १९०९ ला विमानानं इंग्लिश खाडी पार करणारा पहिला माणूस. फ्रान्समधल्या कॅलेजवळून इंग्लंडमधल्या डोव्हरपर्यंतचं साधारण ३५ किलोमीटरचं पाणी त्यानं सुमारे ३६ मिनिटांत ओलांडलं होतं. म्हणजे ताशी ६० किलोमीटरच्या आत-बाहेर. आज आपली स्कूटर जाते तेवढाच वेग. पण त्या काळी ती बातमी जगभर गाजली, कारण खाडी ओलांडायला बोटच लागते ही समजूत त्या दिवशी संपली.

ब्लेरियोची विमानं त्या किनाऱ्याच्या वाळूवर उतरायची आणि छोटे जेआरडी ती बघत बसायचे. १५ व्या वर्षी त्यांना तिथंच एका विमानातून पहिली चक्कर मारायला मिळाली. आपणही वैमानिक व्हायचं, हे तेव्हाच त्यांच्या मनात पक्कं झालं.

पुढचा काळ मात्र सोपा नव्हता. १९२३ मध्ये आई गेली. जेआरडी फ्रेंच नागरिक असल्यामुळे त्यांना वर्षभर फ्रेंच सैन्यात नोकरी करावी लागली. इंग्लंडमध्ये जाऊन इंजिनिअरिंग शिकायची फार इच्छा होती, पण वडिलांनी मुंबईला बोलावून घेतलं. १९२५ च्या शेवटी ते टाटा कंपनीत बिनपगारी उमेदवार म्हणून लागले. दुसऱ्याच वर्षी वडीलही गेले. २२ व्या वर्षी घराची जबाबदारी अंगावर आली आणि शिक्षण राहिलं ते राहिलंच. कॉलेजची पदवी नाही, ही खंत त्यांच्या मनात शेवटपर्यंत होती.

लायसन्स क्रमांक १

मुंबईत विमान शिकवणारा क्लब सुरू झाला तेव्हा जेआरडी लगेच तिथं पोचले. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला हा पहिला परवाना, त्यावर क्रमांक होता १.

त्याच सुमारास आगाखान यांनी एक बक्षीस जाहीर केलं. इंग्लंड ते भारत, किंवा भारत ते इंग्लंड, हा प्रवास एकट्यानं विमान चालवत पूर्ण करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पाउंड. लंडन ते कराची अंतर सरळ रेघेनं मोजलं तरी ६,००० किलोमीटरच्या वर जातं. आणि विमान कोणतं, तर जिप्सी मॉथ. उघड्या कॉकपिटचं, समोरून वारा थेट तोंडावर येणारं. एका दमात ते काहीशे किलोमीटरच जाऊ शकायचं, म्हणून थांबत थांबत, टप्प्याटप्प्यानं जायचं.

१९३० मध्ये जेआरडी कराचीहून इंग्लंडकडे निघाले. समोरून, म्हणजे इंग्लंडहून कराचीकडे, अस्पी इंजिनिअर नावाचा एक तरुण निघाला होता. वय फक्त १७! दोघांची गाठ पडली इजिप्तमध्ये, अबुकीर इथं. अस्पी तिथं अडकून पडला होता, कारण त्याच्या इंजिनाचा स्पार्क प्लग बिघडला होता आणि जवळ जादा प्लग नव्हता. जेआरडींकडे होता.

आता विचार करा. स्पर्धा आहे, समोरचा अडकलाय, आणि आपण काही न करता पुढं निघून गेलो तर बक्षीस जवळपास आपलंच. जेआरडींनी प्लग काढून दिला. अस्पी आधी पोचला, जेआरडी थोडक्या फरकानं मागं राहिले. बक्षीस अस्पीला मिळालं. हाच अस्पी पुढं १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

उड्डाणाच्या वेळेबद्दलचा पहिला धडा इथंच मिळतो. नकाशावर अंतर दिसतं, विमानाचा वेग कंपनीच्या कागदावर दिसतो, पण ६,००० किलोमीटरचा प्रवास एका बोटाएवढ्या सुट्या भागासाठी थांबू शकतो. आजही विमानाला उशीर झाला की विमानतळावरच्या बोर्डावर तांत्रिक कारण असं लिहिलेलं असतं ना, त्याचंच हे जुनं रूप.

अंतर स्वतः काढून बघा

पुढं जाण्याआधी एक छोटं गणित करूया. फोन जे अंतर दाखवतो ते तो कसं काढतो?

पृथ्वीवरच्या प्रत्येक जागेला अक्षांश आणि रेखांश असतात. कराची साधारण २४.९ उत्तर आणि ६७.१ पूर्व. मुंबई १९.१ उत्तर आणि ७२.९ पूर्व. म्हणजे अक्षांशात फरक ५.८ अंशांचा आणि रेखांशातही ५.८ अंशांचाच.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. ५.८ गुणिले १११ म्हणजे सुमारे ६४४ किलोमीटर दक्षिणेकडे. रेखांशाचं मात्र तसं नसतं. सगळे रेखांश ध्रुवांवर जाऊन एकत्र मिळतात, त्यामुळे विषुववृत्तापासून जसजसे लांब जाल तसतसं त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं. मुंबई आणि कराचीच्या मधल्या पट्ट्यात एक अंश म्हणजे साधारण १०३ किलोमीटर. ५.८ गुणिले १०३, म्हणजे सुमारे ५९७ किलोमीटर पूर्वेकडे.

आता शाळेतला पायथागोरस आठवा. ६४४ चा वर्ग अधिक ५९७ चा वर्ग, आणि त्याचं वर्गमूळ. उत्तर येतं साधारण ८७८. फोननं सांगितलेले ८८० किलोमीटर आपण चौथीच्या नकाशावर आणि नववीच्या गणितावर काढले!

जवळच्या शहरांसाठी ही युक्ती चालते. लांबच्या शहरांसाठी पृथ्वीचा गोलवा धरावा लागतो. गोलावरच्या दोन ठिकाणांमधली सगळ्यात जवळची वाट म्हणजे ग्रेट सर्कल. संत्र्यावर दोन टिंबं काढा आणि दोरा ताणून धरा, तो दोरा जिथून जाईल ते ग्रेट सर्कल. सपाट नकाशावर हीच वाट वाकडी दिसते, म्हणून मुंबई-न्यूयॉर्क विमान उगीच उत्तरेकडून वळसा घेतंय असं वाटतं. प्रत्यक्षात ते सरळच चाललेलं असतं, वाकडा आपला नकाशा असतो.

१५ ऑक्टोबर १९३२

तर १९२९ पासून ब्रिटनची इम्पीरियल एअरवेज लंडनहून कराचीपर्यंत टपाल आणत होती. पण मुंबई आणि मद्रासची पत्रं कराचीला उतरली की पुढं रेल्वेनं यायची. हजारो किलोमीटर हवेतून आलेलं पत्र शेवटच्या टप्प्यात पुन्हा जमिनीवर!

नेव्हिल व्हिन्सेंट नावाचे ब्रिटिश हवाई दलातले एक माजी वैमानिक होते. कराचीहून मुंबई आणि मद्रासपर्यंत विमानानं टपाल न्यायची योजना घेऊन ते टाटांकडे आले. कंपनीचे प्रमुख सर दोराबजी टाटा फारसे उत्सुक नव्हते. जेआरडी ज्यांच्या हाताखाली काम शिकले ते जॉन पीटरसन यांनी त्यांचं मन वळवलं. सुरुवातीची गुंतवणूक होती सुमारे २ लाख रुपये. सरकारनं अनुदान द्यायला नकार दिला, टपालाच्या वजनाप्रमाणे पैसे मिळणार एवढंच ठरलं.

१५ ऑक्टोबर १९३२ ला भल्या सकाळी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून पस मॉथ जातीचं विमान उडालं. चालवत होते २८ वर्षांचे जेआरडी. सोबत साधारण २५ किलो टपाल. आज आपण विमानात जेवढं सामान घेऊन जातो, जवळपास तेवढंच.

विमानात रेडिओ नाही. जमिनीवरून वाट दाखवणारी कोणतीही यंत्रणा नाही. होकायंत्र, नकाशा, घड्याळ आणि खाली दिसणारी जमीन, एवढ्यावर सगळं. मी नकाशावर ती वाट मोजून बघितली. कराची ते अहमदाबाद साधारण ५९५ किलोमीटर, आणि सरळ रेघ ओढली तर ती कच्छच्या रणावरून जाते. तिथं खुणेला गाव नाही, रस्ता नाही. अहमदाबाद ते जुहू साधारण ४४२ किलोमीटर. एकूण झाले १,०३७. म्हणजे इंधन आणि टपालासाठी अहमदाबादला वळल्यामुळे थेट अंतरात दीडशेहून जास्त किलोमीटरची भर पडली.

पस मॉथचा वेग ताशी साधारण १६० किलोमीटर. म्हणजे कागदावर उड्डाणाचा वेळ साडेसहा तास. पण कागदावर वारा नसतो. त्या दिवशी वारा समोरून होता, गरम होता आणि विमान सारखं हेलकावत होतं. त्यात एक पक्षी थेट केबिनमध्ये घुसला. अहमदाबादला पेट्रोल आलं ते बैलगाडीतून, चार-चार गॅलनच्या डब्यांमध्ये. ते डबे विमानात रिकामे केले आणि जेआरडी पुन्हा उडाले. दुपारी जुहूच्या चिखलाच्या मैदानावर विमान उतरलं. तिथून व्हिन्सेंट विमानानं बेल्लारीमार्गे मद्रासला टपाल घेऊन गेले.

भारतातल्या नियमित हवाई सेवेची, आणि पुढच्या एअर इंडियाची, सुरुवात ती हीच.

वाऱ्याचं गणित

समोरच्या वाऱ्यानं नक्की किती फरक पडतो? समजा ताशी ३० किलोमीटरचा वारा समोरून आहे. विमान हवेच्या मानानं १६० नं जातंय, पण ती हवाच ३० नं मागं सरकतेय. म्हणजे जमिनीच्या मानानं वेग राहिला १३०. आता १,०३७ किलोमीटरला साडेसहाऐवजी आठ तास लागतील. दीड तासाचा फटका! आणि दीड तास म्हणजे दीड तासाचं जादा पेट्रोलही.

आजचं जेट ताशी ८५० नं जातं, त्याला ३० चा वारा फारसा जाणवत नाही. पण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट स्ट्रीम नावाचे वारे ताशी १०० किलोमीटरच्याही वर जातात. म्हणूनच मुंबईहून लंडनला जाताना जास्त वेळ लागतो आणि परत येताना कमी. अंतर तेच, विमान तेच, फक्त वारा आधी समोरून आणि मग पाठीमागून. तिकीट बघताना जाण्या-येण्याच्या वेळेत अर्ध्या-पाऊण तासाचा फरक दिसला तर आता चकित होऊ नका.

पावसाळ्यात येरवडा

नवी कंपनी केवढी होती? सुरुवातीला दोन विमानं आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी माणसं. जुहूला पक्की धावपट्टी नव्हती. पावसाळ्यात ते मैदान पाण्याखाली जायचं. मग काय करायचे? सगळा बाडबिस्तरा गुंडाळून पुण्याला, येरवड्याजवळच्या मैदानावर जायचे. चार महिने तिथूनच विमानं उडायची.

एवढं असूनही पहिल्या वर्षाचे आकडे बघा. एकूण उड्डाण १,६०,००० मैल, म्हणजे पृथ्वीला सहा फेऱ्या मारून वर थोडं जास्तच. प्रवासी १५५. टपाल १०.७१ टन. नफा ६०,००० रुपये. आणि वेळेच्या बाबतीत तर ही सेवा सरकारी अहवालातही नावाजली गेली.

मला यातली शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. एकदा वेगानं जाऊन दाखवणं वेगळं, आणि ऊन असो की पाऊस, रोज ठरल्या वेळेला पोचणं वेगळं. वेळापत्रकात तास आणि मिनिटं छापायची तर त्यामागं एवढी तयारी लागते. व्हिन्सेंट मात्र हे सगळं मोठं झालेलं बघायला राहिले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये विमान प्रवासातच त्यांचा मृत्यू झाला.

लंडन, न्यूयॉर्क आणि ब्लॉक टाइम

१९३८ मध्ये जेआरडी टाटा समूहाचे प्रमुख झाले, वय फक्त ३४. पोलाद, मोटारी, संशोधन संस्था असे किती तरी व्याप होते, पण विमानं सुटली नाहीत. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ ला मलबार प्रिन्सेस नावाचं कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनला निघालं, कैरो आणि जिनिव्हामार्गे.

इथंही हिशेब करू. मुंबई-लंडन सरळ अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. कैरो आणि जिनिव्हामार्गे ते होतं सुमारे ७,९००. वेग ताशी ५०० च्या आसपास धरला तरी निव्वळ उड्डाणाचेच जवळपास १६ तास, त्यात दोन थांबे वेगळे. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आलं, ताशी ९०० च्या आसपास जाणारं जेट. त्याच वर्षी ते न्यूयॉर्कपर्यंत जाऊ लागलं. जेआरडी लहान असताना आगबोटीत आठवडे जायचे, तो युरोपचा प्रवास आता एका दिवसाच्या आत आला होता.

पण मग मुंबई-दिल्लीला सव्वादोन तास का लागतात? अंतर १,१४० किलोमीटर आणि वेग ८५०, म्हणजे तास-वीस मिनिटांत पोचायला हवं. याचं उत्तर म्हणजे ब्लॉक टाइम. तिकिटावरची वेळ विमान उभ्या जागेवरून हललं तिथून सुरू होते आणि दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभं राहिलं की संपते. धावपट्टीपर्यंतची रांग, हळूहळू वर चढणं, हळूहळू खाली येणं, गर्दी असेल तर हवेतच गोल गोल फिरणं, हे सगळं त्यात धरलेलं असतं. पूर्ण वेगानं विमान फक्त मधल्या भागात जातं. जेआरडींची बैलगाडी आठवते ना? ती गेली, पण जमिनीवरचा वेळ काही गेला नाही, त्याचं रूप बदललं.

दोन देश, एक वाट

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. १९३२ मध्ये कराची ते मुंबई ही एकाच देशातली, ब्रिटिश भारतातली वाट होती. १९४७ मध्ये त्या वाटेच्या मध्ये सीमा आली. आंतरराष्ट्रीय नियमानुसार प्रत्येक देशाचं आपल्या जमिनीवरच्या आकाशावर पूर्ण नियंत्रण असतं. परवानगी नसेल तर विमान तिथून जाऊच शकत नाही, मग ते कितीही वेगवान असो.

१९५३ मध्ये सरकारनं विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. जेआरडींना ही पद्धत पटली नव्हती, तरी एअर इंडियाचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं. पडद्याच्या रंगापासून कॉफीच्या चवीपर्यंत सगळं ते स्वतः बघायचे, प्रवासात टिपणं काढून अधिकाऱ्यांना पाठवायचे. आणि १९७८ मध्ये तेव्हाच्या सरकारनं त्यांना त्या पदावरून काढून टाकलं. ४६ वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं सुरू केलेलं काम एका निर्णयानं हातातून गेलं. १९८० मध्ये पुढच्या सरकारनं त्यांना संचालक मंडळावर परत घेतलं, अध्यक्षपद मात्र परत मिळालं नाही.

यानंतर त्यांनी जे केलं ते मला फार आवडतं. १५ ऑक्टोबर १९८२ ला, पहिल्या उड्डाणाला ५० वर्षं झाली त्या दिवशी, ७८ वर्षांचे जेआरडी पुन्हा कराचीला गेले. पस मॉथच्याच कुळातल्या लेपर्ड मॉथ या जुन्या विमानात बसले आणि तीच वाट पुन्हा उडून जुहूला उतरले. तेव्हा देशातली तरुण मंडळी निराश वाटत होती, त्यांच्यात थोडा उत्साह यावा, असा त्यांचा हेतू होता. दोन्ही देश १९७१ चं युद्ध लढून झाले होते, तरी त्या दिवशी एका लाकडी-कापडी विमानासाठी सीमेवरचं आकाश मोकळं होतं.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं आणि दफन झालं पॅरिसमध्ये, जिथं ते जन्मले होते तिथंच. २०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली.

आणि एप्रिल २०२५ पासून भारत आणि पाकिस्ताननं एकमेकांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. ही बंदी पुन्हा पुन्हा वाढवली गेली. त्यामुळे दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणारी भारतीय विमानं आधी दक्षिणेला येतात, अरबी समुद्रावरून वळसा घेतात आणि मग पश्चिमेकडे जातात. वेळ वाढतो, इंधन वाढतं, तिकीटही महागतं. २०१९ मध्येही काही महिने असंच झालं होतं.

फोनमध्ये काय बघाल?

तर मित्रांनो, पुढच्या वेळी दोन शहरांची नावं टाकाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा:

१. सरळ अंतर आणि प्रवासाचं अंतर वेगळं असतं. थांबा किंवा वळसा असेल तर प्रत्येक टप्पा वेगळा मोजून बेरीज करा.

२. नुसता वेग भागून वेळ काढू नका. जवळच्या प्रवासाला जमिनीवरचा आणि चढण्या-उतरण्याचा पाऊण-एक तास धरा.

३. लांबच्या प्रवासात दिशा बघा. पूर्वेकडे जाताना वारा मदत करतो, पश्चिमेकडे जाताना अडवतो.

४. विमानाची वाट दाखवणारं ॲप उघडून बघा. विमान कुठं अचानक वळलं, तर खाली कुठल्या देशाची सीमा आहे ते बघा. अनेकदा उत्तर तिथंच मिळतं.

मुंबई आणि कराचीमधले ८८० किलोमीटर १९३२ मध्ये होते तेवढेच आजही आहेत. ते कापायला लागणाऱ्या वेळात वारा होता, पेट्रोलचे डबे होते, आणि आता परवानगी आहे. वाऱ्यावर आणि पेट्रोलवर इंजिनिअरांनी उपाय शोधले. परवानगीचा उपाय इंजिनिअरांच्या हातात नाही. १९८२ ला ती मिळाली होती, म्हणजे मिळू शकते एवढं तरी आपल्याला माहीत आहे.